कुंडी आणि ट्रान्समीटर : एका गाजलेल्या संदर्भाची उलटतपासणी

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय असा आहे : असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहायला गेलेल्या ज्येष्ठांना हौशी रेडिओ दुरून चालवता आला, तर त्यांचं स्वास्थ्य सुधारतं का? विषय चांगला आहे. पण पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात एक संदर्भ तुम्ही हमखास टाकाल : लँगर आणि रोडिन, १९७६. 'वृद्धांच्या हाती नियंत्रण दिलं की ते जास्त आनंदी राहतात आणि जास्त जगतात', एवढं एक वाक्य आणि कंसात साल. आजची पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे. माझ्या मते हा संदर्भ तुमच्या विषयाचा भार पेलत नाही. जो अभ्यास विषयाला खरा लागू पडतो, तो तुमच्या गृहीतकाला अडचणीत आणतो.

आधी विषय नीट समजून घेऊ. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, परीक्षा देऊन परवाना घेतात आणि स्वतःच्या ट्रान्समीटरवरून जगभर बोलतात. अमेरिकेत म्हातारपणी असिस्टेड लिव्हिंगमध्ये गेलं की जेवण, औषधं, आंघोळ यांना मदत मिळते, पण छतावर अँटेना लावू देतीलच असं नाही. तिथल्या एफसीसीने १९८५ मध्ये स्थानिक प्रशासनांना हॅमच्या अँटेनांना वाजवी वाव द्यायला सांगितलं खरं, पण तो आदेश खासगी करारांना लागू होत नाही. मग उपाय काय? ट्रान्समीटर आणि अँटेना मुलाकडे, मित्राकडे किंवा क्लबमध्ये ठेवायची. खोलीत फक्त लॅपटॉप आणि माइक. आवाज आणि आज्ञा इंटरनेटवरून जातात.

आता मूळ अभ्यास पाहा. कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होमचे दोन मजले आणि ९१ रहिवासी. एका मजल्यावर सांगितलं गेलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, ही कुंडी घ्या आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यालाही कुंडी दिली, पण पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिला मजला जास्त उत्साही दिसला. १९७७ च्या पाठपुराव्यात, १८ महिन्यांनंतर, पहिल्या गटात ४७ पैकी ७ आणि दुसऱ्यात ४४ पैकी १३ जण वारलेले होते. हेच १५ आणि ३० टक्के सगळीकडे फिरतात.

इथे दोन गोष्टी अडतात. पहिली, वाटणी माणसांची नव्हती, मजल्यांची होती. एका मजल्यावरची परिचारिका जास्त प्रेमळ असेल तर? ९१ हा आकडा मोठा वाटतो, पण खरी तुलना दोनच मजल्यांची आहे. दुसरी, १९७८ मध्ये लेखिकांनी स्वतः शुद्धिपत्रक छापलं. मृत्यूंच्या फरकाचं गणित चुकलं होतं. दुरुस्त केल्यावर तो फरक नेहमीच्या ५ टक्क्यांच्या कसोटीवर उतरत नाही. पेपर वाचलात की त्याचं शुद्धिपत्रकही शोधा, ही सवय आत्तापासूनच लावून घ्या.

पण माझा मुख्य आक्षेप आकडेवारीवर नाही, 'नियंत्रण' या शब्दावर आहे. कुंडी रहिवाशाच्या खिडकीत असते. पाणी घातलं की वाढते, विसरलं की वाळते. दूरच्या ट्रान्समीटरचं तसं नाही. कायद्याच्या भाषेत नियंत्रण चालकाच्या खुर्चीत असतं : आजोबा खोलीतून बोलतात, म्हणून तीच नियंत्रणाची जागा. प्रत्यक्षात राउटर संस्थेचा, वीजबिल मुलाचं, अँटेनावर चढणारा तिसराच. वीज जाऊन ट्रान्समीटर अडकला, तर परत सुरू करायला कुणाला तरी फोन करावा लागतो. एफसीसीच्या नियमांनीही हे ओळखलंय : दुवा तुटला तर ट्रान्समीटर ३ मिनिटांहून जास्त चालू राहणार नाही अशी सोय हवी. म्हणजे दुवा तुटू शकतो हे कायद्याने धरूनच चाललंय. तुमच्या प्रश्नावलीत त्याला जागा आहे का?

आता रिचर्ड शुल्झ यांचा अभ्यास घ्या. तोही १९७६ चाच, पण कमी उद्धृत होणारा. एका निवृत्तिगृहात विद्यार्थी भेटायला जायचे. एका गटात भेट कधी आणि किती वेळ हे वृद्ध ठरवत, दुसऱ्यात ते आधी कळत असे, तिसऱ्यात भेट अचानक होई, चौथ्यात भेटच नव्हती. पहिल्या दोन्ही गटांना जवळपास सारखाच फायदा झाला. म्हणजे ठरवण्याचा अधिकार नसला, नुसतं आधी ठाऊक असलं, तरी पुरलं! हॅम मंडळी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी हवेत भेटतात. मग तुम्हाला दिसणारा फायदा रेडिओचा की वेळापत्रकाचा? दर मंगळवारी सकाळी ठरलेला फोन आला, तरी तेवढाच फायदा झाला असता का? तो फोन मिळणारा तुलनागट नसेल, तर याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

आणि खरी काळजी पुढेच आहे. शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी १९७८ मध्ये पाठपुरावा छापला. भेटी थांबल्यावर, ज्यांना फायदा झाला होता तेच दोन गट झपाट्याने खालावले. बाकीचे होते तसेच राहिले. लहान गटांचा अभ्यास आहे, त्यामुळे याच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण इशारा स्पष्ट आहे. सहा महिन्यांच्या अनुदानावर तुम्ही ८५ वर्षांच्या माणसाला पुन्हा हवेत आणलंत, 'स्वास्थ्यात सुधारणा' असं लिहिलंत आणि उपकरणं परत नेलीत, तर सातव्या महिन्यात त्याचं काय झालं हे तुमच्या प्रबंधात येणारच नाही.

म्हणून सिनॉप्सिस गाइडकडे देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. यंत्र बंद पडलं तर सुरू कोण करणार, आणि किती दिवसांत? अभ्यास संपल्यावर ट्रान्समीटर कुणाच्या नावावर राहणार? शेवटची नोंद उपकरणं असताना घेणार, की नंतरही? नैतिक समिती यातलं काही विचारेलच असं नाही. तुम्ही मात्र विचारा, कारण कुंडी वाळली तर दुसरी आणता येते. इथे पलीकडे त्या माणसाच्या आवाजाची वाट बघणारी माणसं असतात.