जोखमीचे गणित आणि रुग्णाची अवस्था : मॅस्क निर्देशांकाचे चिकित्सक परीक्षण

प्रास्ताविक :
केमोथेरपीमुळे कर्करोगाच्या पेशींबरोबरच अस्थिमज्जेवरही आघात होतो आणि रक्तातील न्यूट्रोफिल या संरक्षक पांढऱ्या पेशी घटतात. या पेशींची संख्या आणि जंतुसंसर्ग यांतील संबंध जेराल्ड बोडी व सहकाऱ्यांनी १९६६ साली तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांत दाखवून दिला. पेशी घटलेल्या असताना ताप येणे ही तातडीच्या उपचारांची अवस्था होय. तथापि, अशा प्रत्येक रुग्णास सारखाच धोका असतो असे नाही. कोणास गंभीर गुंतागुंत होण्याचा संभव कमी, हे आरंभीच ओळखता यावे, या हेतूने जाँ क्लास्टर्स्की व सहकाऱ्यांनी २००० साली 'मॅस्क' निर्देशांक प्रसिद्ध केला. त्याच्या गुणदोषांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्देशांकाचे स्वरूप :
एकूण गुण २६. लक्षणे नसणे वा सौम्य असणे यास ५ (मध्यम असल्यास ३), रक्तदाब घटलेला नसल्यास ५, फुप्फुसाचा दीर्घकालीन अवरोधक विकार नसल्यास ४, घन अर्बुद असल्यास किंवा पूर्वी बुरशीजन्य संसर्ग झालेला नसल्यास ४, शरीरातील पाणी घटलेले नसल्यास ३, ताप सुरू होताना रुग्ण बाह्यरुग्ण असल्यास ३ आणि वय ६० पेक्षा कमी असल्यास २. बेरीज २१ वा अधिक असल्यास रुग्ण 'कमी जोखमीचा' ठरतो. यासाठी महागड्या तपासण्या लागत नाहीत. रुग्णशय्येजवळच गणना होते. कमी जोखमीच्या रुग्णास तोंडावाटे प्रतिजैविके देऊन घरी पाठविण्याच्या धोरणास या निर्देशांकाने आधार दिला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

मर्यादा :
पहिली मर्यादा बेरजेतच आहे. अन्य सर्व गुण पूर्ण मिळाले आणि केवळ रक्तदाब घटलेला असला, तरी बेरीज २१ भरते. सर्वांत भयसूचक लक्षण असलेला रुग्ण कागदोपत्री 'कमी जोखमीचा' राहू शकतो. दुसरी मर्यादा अशी की, लक्षणांची तीव्रता हा घटक निरीक्षकाच्या मतावर अवलंबून आहे. एकाच रुग्णास दोन वैद्य भिन्न गुण देऊ शकतात. तिसरी मर्यादा आकड्यांच्या अर्थाची. मूळ अभ्यासाच्या पडताळणीत कमी जोखमीच्या गटातील ९१ टक्के रुग्ण गंभीर गुंतागुंतीविना बरे झाले. हा आकडा आश्वासक आहे. परंतु विशिष्टता ६८ टक्के होती. म्हणजेच ज्यांना पुढे गुंतागुंत झाली, त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण याच गटात गणले गेले होते.

या उणिवा ध्यानी घेऊन २०१५ साली स्पेनमधील संशोधकांनी वरकरणी स्थिर दिसणाऱ्या घन अर्बुदाच्या रुग्णांसाठी 'सिस्ने' ही गुणपद्धती मांडली. तीत रक्तशर्करा व मोनोसाइट पेशींची संख्या हे मोजता येणारे घटक आले. मात्र ल्युकेमियाच्या रुग्णांना ती लागू नाही.

गणनेपलीकडील प्रश्न :
रुग्णाचे घर कोठे आहे, याची नोंद दोन्ही गुणपद्धतींत नाही. अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांच्या २०१८ च्या संयुक्त मार्गदर्शिकेने मात्र घरी पाठविण्यापूर्वी काही अटी घातल्या : रुग्णालय एका तासाच्या वा सुमारे ४८ किलोमीटरच्या अंतरात असावे, घरी चोवीस तास सोबत असावी, दूरध्वनी व वाहन उपलब्ध असावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात दूरच्या जिल्ह्यांतून व अन्य राज्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या बाबतीत २१ हा आकडा पुरेसा नाही. गावी परतलेल्या रुग्णाचा ताप मध्यरात्री वाढला, तर त्याची जोखीम रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यावरही अवलंबून असते.

समारोप :
मॅस्क निर्देशांक टाकाऊ ठरत नाही. तो निर्णयाचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. रक्तदाब घटलेल्या रुग्णास, बेरीज काहीही येवो, रुग्णालयातच ठेवले पाहिजे. निर्देशांक समूहाविषयी संभाव्यता सांगतो. समोरच्या एका रुग्णाची जबाबदारी मात्र वैद्याची असते.