श्रद्धेला वीसपैकी गुण

खेळाच्या नियमपुस्तकाचे परीक्षण दिवाळी अंकात करावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ज्या पुस्तकात माणसाची श्रद्धा आकड्यांत मांडण्याचा गंभीर प्रयत्न आहे, ते साहित्याच्या कक्षेबाहेरचे मला मानता येत नाही.

ग्रेग स्टॅफर्ड (1948–2018) या अमेरिकन लेखकाचा ‘पेंड्रॅगन’ हा खेळ 1985 साली प्रसिद्ध झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण आर्थर राजाच्या काळातील एका नाइटची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि बोलता बोलता कथा घडत जाते. या खेळप्रकाराचा पाया 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने घातला. तेथे पुरोहिताचा मुख्य गुण ‘शहाणपण’. त्याच्या निष्ठेला आकडा नव्हता. स्टॅफर्डने तो दिला.

त्याने स्वभावाच्या तेरा जोड्या मांडल्या: दयाळू–क्रूर, नम्र–गर्विष्ठ, श्रद्धाळू–ऐहिक इत्यादी. प्रत्येक जोडीची बेरीज 20. कसोटीचा प्रसंग आला की वीस पैलूंचा फासा टाकायचा. पडलेला आकडा गुणाइतका किंवा त्याहून कमी असेल, तर नाइट त्या गुणाला जागला. दयेचे 16 गुण असलेला नाइटही वीसांत चार वेळा डळमळू शकतो. वर्षअखेरीस, ज्या गुणाची खरी कसोटी लागली त्यासाठी पुन्हा फासा पडतो. आकडा गुणाहून जास्त आला तरच एकाची वाढ. म्हणजे नवख्याची श्रद्धा लवकर वाढते, मुरलेल्या भक्ताला पुढचे पाऊल जड जाते. मनुष्यस्वभावाची ही जाण मला मोलाची वाटते.

याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. ख्रिस्ती नाइटचा आदर्श शुचिता, क्षमा, दया, नम्रता आणि संयम या पाच गुणांनी ठरतो. जुन्या देवतांच्या उपासकाचा उद्यम, औदार्य, सचोटी, कामासक्ती आणि अभिमान यांनी. एकाचा दोष तो दुसऱ्याचा सद्गुण! आणि ‘श्रद्धाळू’ हा गुण या दोन्ही याद्यांत नाही. धर्म आचरणातून ओळखावा, हे स्टॅफर्डने एका शब्दाचाही उपदेश न करता नियमातून सांगितले.

माझे आक्षेप दोन आहेत. पाचही गुण 16 किंवा त्याहून अधिक झाले की नाइटला बक्षीस मिळते. ख्रिस्ती नाइटची जखमा सोसण्याची ताकद वाढते. मग खेळाडू शत्रूला क्षमा करतो ती दयेपोटी की ताकदीपोटी? सकाम भक्तीचा हा जुना पेच नियमाने सुटत नाही, उलट घट्ट होतो. दुसरा आक्षेप त्या वीसच्या बेरजेला. श्रद्धा एकाने वाढली की ऐहिकता एकाने घटलीच पाहिजे. मठ आणि दरबार यांना वेगळे ठेवणाऱ्या मध्ययुगीन युरोपला हा हिशेब शोभतो. पण सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही. त्यांची बेरीज वीसवर थांबणार नाही. हे माप त्या कथाविश्वाचे आहे, माणसाच्या धर्माचे सार्वत्रिक माप नव्हे, एवढे भान वाचकाने ठेवावे.

तरीही पुस्तक मिटल्यावर मी अस्वस्थ झालो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात मी वर्षानुवर्षे ‘चांगली’ असे लिहीत आलो आहे, सर्वांना सारखेच. स्टॅफर्ड निदान विचारतो, कोणत्या प्रसंगी चांगली? कसोटी केव्हा लागली? त्याचा आकडा अपुरा आहे. पण माझ्या त्या एका शब्दामागे तेवढीही विचारपूस नव्हती.