गोरोंगोझाचे दर्शन

आफ्रिका कोल्हापूरकरांना अगदीच परकी नाही. संस्थानकाळी काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते तिथूनच आणले जात. मोझांबिकमधील गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानात हिंडून कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी लिहिलेला ‘अ विंडो ऑन इटर्निटी’ (२०१४) हा ग्रंथ म्हणूनच कुतूहलाने हाती घेतला.

उरेमा सरोवराकाठची ही पाणथळ भूमी १९७७ ते १९९२ च्या यादवीत रणांगण झाली. मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. २००४ पासून तिच्या पुनरुज्जीवनाचे काम चालू आहे. विल्सन हे सांगतात. पण त्यांची लेखणी खरी रमते ती मुंग्यांत आणि वाळवीच्या वारुळांत. ऐंशी ओलांडलेल्या या अभ्यासकाचे कुतूहल लहान मुलाचे आहे. ती पाने अप्रतिमच.

माझी तक्रार निराळी. प्राणी परतले, ते आधी बंदुका थांबल्या म्हणून. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, रोममध्ये तह झाला. त्यामागे सांत एजिदिओ हा कॅथॉलिक प्रापंचिकांचा संघ आणि बैराचे आर्चबिशप जैमी गोन्साल्विस यांची दोन वर्षांहून अधिक काळची मध्यस्थी होती. मुंग्यांपाशी इतके रेंगाळणारा लेखक या माणसांपाशी तसा थांबत नाही. पर्वतावरच्या एका तरुणाशी झालेला संवाद ग्रंथात आहे, तो वाचनीयही आहे. परंतु दाजीपूरलगत गव्यांनी तुडवलेले पीक ज्याने पाहिले, त्याला उद्यानाभोवतालच्या शेतकऱ्यांविषयी आणखी पुष्कळ विचारावेसे वाटते.

ग्रंथ निघाला तेव्हा तिथे पुन्हा चकमकी सुरू झाल्या होत्या. १ ऑगस्ट २०१९ रोजी युद्धबंदीवर सह्या झाल्या, त्या याच उद्यानात. विल्सन २०२१ पर्यंत हयात होते. त्या दिवसावर त्यांचे एखादे प्रकरण वाचायला मिळायला हवे होते.