हार्नेडचा नियम : मापन आणि अनुमान

मिश्र विद्युत् विच्छेद्य विद्रावांच्या अभ्यासात हार्नेडच्या नियमाइतका उपयोगी पडलेला नियम क्वचितच आढळतो. आणि त्याच्याइतका मर्यादा विसरून वापरला गेलेला नियमही विरळाच. येल विद्यापीठातील हर्बर्ट हार्नेड यांनी १९३५ साली मांडलेला हा नियम असा : एकूण मोलल संहती स्थिर ठेवून एका विच्छेद्याच्या जागी क्रमाक्रमाने दुसरे घातले असता, पहिल्याच्या सक्रियता-गुणांकाचा लॉगरिथम दुसऱ्याच्या संहतीनुसार सरळ रेषेत बदलतो.

हायड्रोक्लोरिक अम्ल व सोडियम क्लोराइड यांचे मिश्रण हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. २५° से. तापमानास १ मोलल शुद्ध अम्लाचा गुणांक ०.८०९ आहे. तितक्याच संहतीच्या मिठाच्या विद्रावात अम्ल अत्यल्प उरले, म्हणजे तो सुमारे ०.७५ पर्यंत उतरतो. १९२३ सालच्या डेबाय–ह्यूकेल यांच्या सीमावर्ती नियमात अशा फरकास स्थानच नाही, कारण त्यात आयनांचा केवळ विद्युत्-भार मोजला जातो, त्यांचे विशिष्ट गुणधर्म नव्हे. हा फरक अचूकपणे टिपणे, हे हार्नेड यांचे खरे श्रेय.

परंतु येथे प्रत्यक्ष मापन कशाचे झाले, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. हायड्रोजन अग्र व सिल्व्हर क्लोराइड अग्र यांचा घट हायड्रोजन व क्लोराइड आयनांच्या सक्रियतांचा गुणाकार देतो. सोडियम क्लोराइडविषयी तो प्रत्यक्षपणे काहीच सांगत नाही. मिठाचा गुणांक गिब्ज–ड्युहेम समीकरणावरून काढावा लागतो. अम्लाची रेषा सरळ आहे, म्हणून मिठाचीही सरळ असलीच पाहिजे, असे ऊष्मागतिकी सांगत नाही. ती एक अट मात्र घालते : एकसंयुजी विच्छेद्यांच्या जोडीत दोघांनाही नियम सर्व संहतींना लागू असेल, तर त्यांच्या दोन रेषीय गुणकांची बेरीज एकूण संहतीनुसार बदलता कामा नये. ही कसोटी न लावता दुसरी रेषा काढणे म्हणजे अनुमानाला मापनाचा मान देणे होय.

समबाष्पदाब पद्धती येथे पूरक ठरते. निर्वात पात्रात मिश्रण व संदर्भ-विद्राव समतोल होईपर्यंत ठेवून ते तोलले जातात. मात्र त्यातून पाण्याची सक्रियता मिळते, प्रत्येक लवणाची नव्हे. तेथून पृथक् गुणांकांकडे जाण्याचा गणिती मार्ग मॅके व पेरिंग यांनी १९५३ मध्ये दाखविला.

१९७३ पासून पिट्झर यांच्या समीकरणांनी हा विषय अधिक व्यापक केला. समान भाराच्या आयनांतील आणि तीन आयनांतील परस्परक्रियांसाठी त्यांत स्वतंत्र पदे आहेत, आणि हार्नेडची रेषा त्यांत एक विशेष प्रकार म्हणून सामावते. हार्वी, म्योलर व वेअर यांनी १९८४ मध्ये समुद्रजलासारख्या मिश्रणांतील खनिजांची विद्राव्यता याच पायावर वर्तविली. परंतु अधिक स्थिरांकांनी वक्र जुळविणे सोपे होते, आणि जुळणी म्हणजे कारणमीमांसा नव्हे. ज्या मिश्रणांवरून स्थिरांक काढले, त्यांहून वेगळ्या मिश्रणावर समीकरण टिकते की नाही, हीच त्याची खरी परीक्षा.

तात्पर्य, हार्नेडचा नियम हा अनुभवाचा संक्षेप आहे, सिद्धान्त नव्हे. गुणांकांच्या प्रत्येक कोष्टकात कोणता आकडा मोजला, कोणता काढला आणि कोणत्या संहतीपर्यंत, याचा स्पष्ट उल्लेख असलाच पाहिजे. अन्यथा न मोजलेली एक सरळ रेषा विद्राव्यतेच्या गणितात मापनाच्या नावाने शिरते, आणि पुढील संशोधक तिच्याच आधारे आपले प्रयोग पारखू लागतो.