शिष्यवृत्तीच्या वादातील दोन रूपके

उच्च शिक्षणात वंशाचा विचार करून शिष्यवृत्त्या द्याव्यात की नाहीत, हा अमेरिकेतील वाद न्यायालयांत लढला गेला असला, तरी त्याचा प्राण दोन रूपकांत आहे. रूपकांची पारख हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम असल्यामुळे त्यांविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

पहिले रूपक रंगांधतेचे. १८९६ साली प्लेसी खटल्यात रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, तेव्हा एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत देऊन राज्यघटना रंगांध असल्याचे सांगितले. वंशाधिष्ठित सवलतींचे विरोधक आज त्याच वचनाचा आधार घेतात. परंतु अवतरण संदर्भापासून तोडून वाचू नये, हा टीकेचा पहिला धडा होय. त्याच परिच्छेदात हार्लन यांनी गौरवर्णीय वंश प्रतिष्ठेत, विद्येत व संपत्तीत वरचढ आहे आणि तसाच राहील, असेही म्हटले आहे. कायद्याने रंग पाहिला नाही म्हणून समाजातील उतरंड हलत नाही, हे या रूपकाच्या पुरस्कर्त्यासही ठाऊक होते.

दुसरे रूपक शर्यतीचे. ४ जून १९६५ रोजी हॉवर्ड विद्यापीठातील भाषणात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, वर्षानुवर्षे बेड्यांत जखडलेल्या माणसास मुक्त करून शर्यतीच्या रेषेवर उभे केले की न्याय झाला, असे मानता येणार नाही, हा युक्तिवाद केला. हे रूपक अधिक सहृदय आहे खरे. पण त्यातही एक खोट आहे. शर्यत म्हटली की एकाचे पुढे जाणे हे दुसऱ्याचे मागे पडणे ठरते, आणि मदत घेणारा कायमचा पंगू दिसू लागतो. न्यायमूर्ती टॉमस यांच्यासारखे स्वतः कृष्णवर्णीय असलेले टीकाकार नेमके याच कलंकावर बोट ठेवीत आले आहेत.

रूपके बाजूस ठेवून इतिहास पाहावा, तर मिसूरी राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय पदवीधरास प्रवेश नाकारला. शेजारच्या राज्यात शिकावयास गेल्यास शुल्क देण्याची तयारी मात्र दाखविण्यात आली. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. वंश पाहून देऊ केलेला तो पैसा दार बंद ठेवण्यासाठी होता. पुढे २९ जून २०२३ रोजी त्याच न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती अवैध ठरविली, तेव्हा मिसूरी विद्यापीठाने शिष्यवृत्त्यांतूनही वंशाचा निकष काढून टाकण्याचे जाहीर केले. हा दुसरा पैसा दार उघडण्यासाठी होता. दोन्ही नाण्यांवर छाप एक आहे, म्हणून त्यांचे मोलही एकच, हे आम्हांस मान्य नाही.

त्या निकालाने एक फट मात्र ठेवली आहे. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने प्रवेशासाठी लिहिलेल्या निबंधात मांडल्यास त्याचा व्यक्तिशः विचार करता येतो. म्हणजे साऱ्या इतिहासाचा भार सतरा वर्षांच्या मुलाच्या निबंधावर! निबंध तपासण्यात हयात गेलेल्या शिक्षकांस यातील धोका सांगावयास नको. ज्यास आपले दुःख सजवून मांडता येते तो आत जाईल. ज्यास शब्द सुचत नाहीत तो बाहेर राहील.

आमच्या भाषेतील 'शिष्यवृत्ती' हा शब्द या दोन्ही रूपकांहून शहाणा आहे. वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. त्यात पारितोषिकाचा तोरा नाही आणि भिक्षेची लाजही नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती दिली, ती याच अर्थाने. परंतु १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आलेल्या त्या विद्वानास जातीमुळे या नगरात राहावयास जागा मिळाली नाही, हेही आम्हां बडोदेकरांनी विसरता कामा नये. शिष्यवृत्तीने विद्यापीठाचे दार उघडते. घरांची दारे तिच्याने उघडत नाहीत. आणि जोवर ती दारे वर्ण वा जात पाहून मिटतात, तोवर विद्यापीठाने डोळे मिटून घेण्यास निःपक्षपात म्हणता येणार नाही, असे आमचे मत आहे.