भोंग्यानंतरची रात्र : माध्यमवापर, आरोग्य आणि जबाबदारीची विभागणी

प्रास्ताविक

माध्यमे व तंत्रज्ञान यांच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला मोबाइलला व्यसन ठरवून उपदेश केला जातो. दुसऱ्या टोकाला तंत्रज्ञान हे साधन असून त्याचा वापर ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोपवला जातो. या दोन्ही भूमिकांमागील गृहीत एकच आहे : प्रश्न व्यक्तीच्या संयमाचा आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) या गावाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाने या गृहीतालाच छेद दिला. त्यामुळे या प्रयोगाची चिकित्सा उद्बोधक ठरते.

प्रयोगाचे स्वरूप व महत्त्व

कोविड काळात ऑनलाइन शिक्षणाच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा पुन्हा भरू लागल्यावरही सुटला नाही, ही या प्रयोगाची पार्श्वभूमी होय. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, महिलांच्या सभेत चर्चा होऊन, सुमारे तीन हजार लोकवस्तीच्या या गावाने मंदिरावर भोंगा बसवण्याचे ठरवले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच टीव्ही व मोबाइल बंद करावयाचे आणि साडेआठपर्यंतचा दीड तास अभ्यास, वाचन व संवाद यांना द्यावयाचा, असा नियम करण्यात आला. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन त्याचे महत्त्व पटवून दिले.

या प्रयोगाचे मोल त्याच्या सामूहिकतेत आहे. एकट्या मुलाने मोबाइल बाजूला ठेवला तर तो मित्रांच्या वर्तुळाबाहेर पडतो. घरात वडीलधारे मालिका पाहत असताना त्याला अभ्यासाला बसवणे तर निव्वळ अन्यायाचे ठरते. सर्वांनी एकाच वेळी पडदा बंद केला, म्हणजे कोणाचेच काही बुडत नाही. माध्यमवापर ही सामाजिक सवय असल्याने तिच्यावरील उपायही सामाजिक असावा लागतो, हे तत्त्व गावाने कृतीतून मांडले.

प्रयोगाची मर्यादा

तथापि, आरोग्याच्या दृष्टीने पाहता या दीड तासाची निवड विचारात घ्यावी लागते. सात ते साडेआठ ही अभ्यासाची वेळ आहे. झोपेची हानी होते ती त्यानंतर. रात्रीच्या प्रकाशामुळे मेलॅटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. शिवाय पाहिलेल्या मजकुराने मन उत्तेजित राहते, आणि अंथरुणात घालवलेला मोबाइलचा वेळ थेट झोपेतूनच वजा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पडद्यासमोरील वेळेचा विचार शारीरिक हालचाल व झोप यांच्या जोडीनेच केलेला आहे. एक वर्षाखालील बालकांना पडदा नकोच. दोन ते चार वर्षे वयोगटासाठी दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे त्या सांगतात. पडद्याने दिवसातून काय हिरावले, हा प्रश्न येथे मध्यवर्ती आहे. या निकषावर भोंगा अभ्यासाचे रक्षण करतो, निद्रेचे नाही.

दुसरा मुद्दा स्त्रियांच्या वेळेचा. सायंकाळी सातनंतरचा काळ हा मराठी मालिकांचा आणि त्याच वेळी स्वयंपाकाचाही असतो. अनेक घरांत गृहिणीची करमणूक ही हातातले काम चालू असतानाच होते. तिने ती स्वेच्छेने सोडली, तरी त्या दीड तासात तिच्या वाट्याला वाचन येते की केवळ मुलांच्या अभ्यासाची देखरेख, हे पाहिल्याशिवाय कुटुंबाच्या स्वास्थ्याचा ताळेबंद पूर्ण होत नाही.

जबाबदारी कोणाची?

आशियातील अन्य दोन उदाहरणे या संदर्भात तुलनीय आहेत. जपानमधील कागावा प्रांताने एप्रिल २०२० पासून अमलात आणलेल्या नियमावलीत अठरा वर्षांखालील मुलांसाठी शाळेच्या दिवशी साठ व सुटीच्या दिवशी नव्वद मिनिटे खेळाची मर्यादा सुचवली. माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांनी रात्री नऊनंतर स्मार्टफोन वापरू नये, असेही सांगितले. रात्रीचा विचार येथे आहे. पण जबाबदारी पालकांवर असून नियमभंगाला दंड नाही. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला आणि त्याची सक्ती खेळ पुरवणाऱ्या कंपन्यांवर केली. येथे उत्पादक उत्तरदायी ठरतो. मात्र त्यासाठी वापरकर्त्याची खरी ओळख नोंदवणारी नियंत्रणव्यवस्था स्वीकारावी लागते.

म्हणजे कागावाने कुटुंबाला, चीनने उद्योगाला आणि वडगावने समाजाला जबाबदार मानले. तिसरा मार्ग लोकशाहीला सर्वाधिक साजेसा असला, तरी तो उत्पादनाच्या रचनेला स्पर्श करत नाही. आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत, बोट फिरवत राहिले तरी न संपणारे पान आणि सततच्या सूचना यांची योजना वापर लांबावा यासाठीच केलेली असते. साडेआठनंतर मूल याच रचनेच्या स्वाधीन होते.

समारोप

मोहित्यांचे वडगाव येथील प्रयोग अनुकरणीय आहे, परंतु तो अपुरा आहे. त्याचे यश किती घरांनी पडदा बंद केला यावर मोजण्याऐवजी मुले किती वाजता झोपली, मैदानावर किती खेळली आणि घरातील स्त्रीला किती विसावा मिळाला यावर मोजणे योग्य ठरेल. शिक्षणसंस्थांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. रात्री उशिरा महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर पडणारी सूचना आणि मध्यरात्रीपर्यंत स्वीकारला जाणारा स्वाध्याय हेही विद्यार्थ्याच्या झोपेवरील अतिक्रमणच होय. गावाने सामूहिक निर्णयाने संध्याकाळ मिळवली. रात्र परत मिळवावयाची असेल, तर उत्पादकांना उत्तरदायी धरण्याबरोबरच महाविद्यालयांनी सूचना व स्वाध्याय यांची वेळ स्वतःहून ठरवून घेणे, ही त्याची पहिली पायरी आहे.