वेशीवरचा तिऱ्हाईत

रसग्रहण सहसा कवितेचं होतं. मी इथे ज्या मजकुराचं करतोय, तो एका लिनक्स सर्व्हरमधला आहे: एक सेटिंग आणि तीन ओळींचं राउटिंग टेबल. दोन सबनेट जोडायला एवढा मजकूर पुरतो. वर्षानुवर्षं तो लिहीत आलोय, पण त्याची गोडी ओसरलेली नाही.

आधी मांडणी पाहू. एका कारखान्यात ऑफिसची मशीनं १९२.१६८.१०.०/२४ मध्ये आणि शॉप फ्लोअरची १९२.१६८.२०.०/२४ मध्ये. मधोमध दोन नेटवर्क कार्डांचा सर्व्हर, एका कार्डाला १०.१ हा पत्ता, दुसऱ्याला २०.१. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याला आपण एरवी बोल लावतो. या यंत्राला मात्र त्याच कामासाठी बसवलेलं असतं.

तरीही केबल लावल्या, पत्ते दिले, एवढ्याने काहीच पलीकडे जात नाही. कारण आयपी फॉरवर्ड नावाची सेटिंग मुळात शून्य असते. या शून्यामागे विचार आहे. रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे की, साध्या होस्टमध्ये गेटवेचं काम करण्याची सोय असली, तरी ती सुरुवातीला बंदच असली पाहिजे. तिऱ्हाइताचं ओझं वाहायचं तर ते कुणीतरी जाणूनबुजून पत्करायला हवं. त्या शून्याचा एक करणं म्हणजे तसा शब्द देणं. तो सिस्टीमच्या फाइलमध्ये लिहून ठेवला नाही, तर रीबूटनंतर सर्व्हर तो विसरतो.

‘गेटवे’ या शब्दाला मला ‘वेस’ हाच प्रतिशब्द जवळचा वाटतो. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात धावत्या व्हॅनमधून निघालेली पॅकेट्स पॅकेट रेडिओ, अर्पानेट आणि सॅटनेट अशा तीन वेगळ्या नेटवर्कमधून गेली. त्यांच्या वेशींवर गेटवे उभे होते. बीबीएन या कंपनीत जिनी स्ट्राझिसार यांनी अशा सुरुवातीच्या गेटवेंचा प्रोग्राम लिहिला होता. आजही अनेक कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तोच शब्द भेटतो.

आता टेबल. पहिली ओळ म्हणते, दहाचं सबनेट या कार्डावर. दुसरी म्हणते, विसाचं त्या कार्डावर. या दोन्ही ओळी पत्ते देताच कर्नेल स्वतः लिहितो. तिसरी डीफॉल्टची, बाकी सगळं १०.२५४ कडे. ओळींचा क्रम कसाही असो, पत्त्याशी ज्या ओळीचे जास्त बिट जुळतात ती जिंकते. डीफॉल्टची लांबी शून्य बिट, म्हणून ती प्रत्येक पत्त्याला जुळते आणि नेमकी माहिती असलेल्या ओळीपुढे लगेच माघार घेते. सगळ्यांना सामावणारी ओळ सर्वांत नम्र असावी, ही रचना मला फार आवडते.

एका पॅकेटबरोबर चालून पाहू. १०.२५ ला २०.४० शी बोलायचं आहे. मास्क लावून ते ताडतं की पलीकडचा आपल्या सबनेटमधला नाही. मग फ्रेमवर त्याला गेटवे म्हणून नेमून दिलेल्या सर्व्हरचा मॅक पत्ता घालतं, पण आतला आयपी पत्ता २०.४० चाच ठेवतं. सर्व्हरला हाती आलेलं पाकीट आपल्या नावाचं दिसतं, आतलं पत्र दुसऱ्याचं. तो टीटीएल ६४ वरून ६३ करतो, हेडरचा चेकसम दुरुस्त करतो, एआरपीने २०.४० चा मॅक पत्ता विचारतो आणि नव्या फ्रेममध्ये घालून पॅकेट धाडतो. आतल्या मजकुराला तो हात लावत नाही.

इतकं होऊनही माझा पहिला पिंग परत आला नव्हता. दुसऱ्या कार्डावर टीसीपीडंप लावला, तर विचारणा एकामागून एक बाहेर जाताना दिसत होत्या, उत्तर एकही नाही. चूक माझीच होती. २०.४० चा डीफॉल्ट गेटवे वेगळाच होता, त्यामुळे त्याची उत्तरं भलत्याच वेशीकडे जात होती. मास्करेड लावून पत्ता बदलला असता, तर काम तेव्हाच भागलं असतं. पण मग पलीकडच्या मशीनला सगळी पत्रं सर्व्हरचीच वाटली असती, मूळ लिहिणारा लपला असता. म्हणून २०.४० वर एक ओळ वाढवली: दहाच्या सबनेटकडे जायचं तर २०.१ मार्गे. परतीची वाट ठाऊक नसेल तर रस्ता अर्धाच बांधलेला असतो, हा या मजकुराचा गाभा मला त्या दिवशी कळला.

म्हणून दोन सबनेट जोडायला बसाल, तेव्हा जाण्याची वाट लिहून उठू नका. पलीकडच्या मशीनवर बसून तिथून अलीकडे बघा आणि परतीची ओळही आपल्या हाताने लिहा.

ती ओळ लिहिल्यावर १०.२५ वर पिंगचं उत्तर उमटलं. त्यात सर्व्हरचा पत्ता कुठेही नव्हता. पलीकडून ६४ घेऊन निघालेल्या उत्तरावर टीटीएल मात्र ६३ होता.